मामांसाठी कॅमेरा घेताना

माझ्या मामेसासऱ्यांची यंदा साठी. ते कुंभकोणम्‌चे. घरात बोलतात ती तंजावरी मराठी, व्यंकोजीराजांच्या मागोमाग कावेरीकाठी जाऊन राहिलेल्या माणसांची. बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव हेही कुंभकोणम्‌चेच, १८२८ सालचा जन्म, घरची भाषा मराठी; हे मामा पहिल्या भेटीत सांगतात आणि दुसऱ्या भेटीतही. साठीशांत तिरुक्कडैयूरला करायची ठरली, कारण तमिळ मुलखात साठीसाठी तिथलंच देऊळ. भेट म्हणून कॅमेरा द्यायचा, हेही चटकन ठरलं. भाचे, पुतणे, जावई अशा सगळ्यांनी वर्गणी काढली. पैसे दोन दिवसांत जमले. कोणता कॅमेरा, हे ठरायला अडीच महिने लागले.

घरात तीन पक्ष पडले होते. अमेरिकेतला मेहुणा म्हणाला, घ्यायचाच तर मोठ्या सेन्सरचा, फुल-फ्रेम घ्या, नाहीतर घेऊच नका. पुण्यातल्या भाच्याला मोठा झूम हवा होता, इथून चंद्रावरचे खड्डे दिसतील असा. तिसरा पक्ष तरुण मुलींचा: नवा फोन द्या, मामांना तेवढं पुरे. तिघांचंही थोडं थोडं खरं होतं, म्हणूनच भांडण मिटेना. कॅमेरा भेट देणं हे गोदानासारखं आहे. गाय दिली की गोठा, चारा आणि राखण घेणाऱ्याच्या गळ्यात पडते. कॅमेऱ्यामागोमाग लेन्स, कार्ड, बॅटरी, बॅग, ओलाव्यापासून जपणूक, असं सगळं घरात येतं. तेव्हा दुकानात जाण्याआधी घेणाऱ्याचा गोठा पाहून यावा.

आमच्यापुढे तो गोठा म्हणजे मामांचे फोटो. ते रोज सकाळी सायकल काढून कुंभकोणम्‌पासून दारासुरम्‌वरून पट्टीश्वरम्‌पर्यंत जातात आणि सातच्या सुमाराला घरच्या गटावर दोन-तीन फोटो टाकतात. त्यांच्या मुलीकडून मी मागच्या वर्षाचे सगळे फोटो मागवले आणि एक रविवार त्यांच्या ढिगाऱ्या लावत बसलो. कोणाला कॅमेरा द्यायचा असेल तर हे काम आधी करावं, ते फुकट आहे आणि शंभर परीक्षणं वाचण्यापेक्षा उपयोगाचं आहे. फोनवर काढलेल्या प्रत्येक मूळ फोटोच्या तपशिलात कोणती लेन्स, किती झूम, शटरचा वेग किती, हे नोंदलेलं असतं. माणूस काय काढतो ते दिसतंच. कुठे अडतो तेही दिसतं.

मामांच्या चार ढिगाऱ्या झाल्या. गोपुरं आणि देवळांची आवारं. दारासुरम्‌चं कोरीवकाम. हातमागावर, भट्टीपाशी काम करणारी माणसं. आणि भातखाचरांतले पक्षी. पहिली ढिगारी सर्वांत मोठी आणि फोटो उत्तम; तिथे फोनचं काही अडत नव्हतं. दुसरी सपाट. तिसरी हललेली. चौथ्या ढिगारीत खंड्या पक्ष्याच्या जागी निळ्या रंगाचा एक ओला डाग. म्हणजे नव्या फोनचा पक्ष तिथेच पडला, आणि उरलेल्या पैशांचं काय करायचं तेही कळू लागलं.

पट्टीश्वरम्‌ हे मामांच्या सायकलफेरीचं टोक, आणि फुल-फ्रेमच्या हट्टाचं मूळही तिथेच. गावाचं नाव पट्टीवरून आलं. पट्टी म्हणजे कामधेनूची लेक. तिने इथे शिवाची पूजा केली, म्हणून देव धेनुपुरीश्वर. बालसंत ज्ञानसंबंधर उन्हातून येत होता, त्याला शिवाने मोत्यांचा मांडव पाठवला आणि तो येताना नीट दिसावा म्हणून नंदीला बाजूला सरायला सांगितलं, अशी कथा आहे. नंदी इथे खरोखरच सरळ रेषेत नाहीत, किंचित बाजूला बसले आहेत. फोटो काढणाऱ्याने हे लक्षात ठेवावं, कारण गोपुराच्या दारातून सगळं एका ओळीत बसवायला गेलं की चौकट बिघडल्यासारखी वाटते आणि आपण उगाच स्वतःला दोष देतो. उत्तरेच्या बाजूला अष्टभुजा दुर्गा आहे. ती जवळच्या पळैयारै इथल्या चोळांच्या राजवाड्यातली, असं सांगतात. राहुकाळात बायका लिंबाची साल उलटी करून तिचा दिवा लावतात. शेदोनशे पिवळ्या ज्योती, धूर, काळा दगड.

याच दृश्यासाठी आमच्या मेहुण्याने फुल-फ्रेमचा हट्ट धरला होता. पण गाभाऱ्यातल्या मूर्तीचा फोटो तमिळ देवळांत घेऊ देत नाहीत, आणि २०२२ च्या डिसेंबरात मद्रास उच्च न्यायालयाने राज्यभरच्या देवळांत मोबाइल फोनवर बंदी घालायला सांगितलं. मामांकडे दिव्यांचे फोटो होते ते सगळे जुने. आता ते तिथे आत फोन नेत नाहीत, कॅमेराही नेणार नाहीत. जिथे चप्पल काढतो तिथेच कॅमेराही मनातून काढून ठेवायचा, असं ते म्हणतात. ज्या जागेचा फोटो काढायचाच नाही तिच्यासाठी लाखाचं यंत्र कशाला? मेहुणा तेव्हा पहिल्यांदा गप्प झाला.

तरीही अंधाराचा प्रश्न संपला नव्हता; तो देवळातून माग चालतात त्या घरात गेला होता. दारासुरम्‌ला रेशमाच्या साड्या विणणारी सौराष्ट्री घरं आहेत. स्वामीमलैला पितळ-तांब्याच्या ओतीव मूर्ती करणारे स्थपती, नाच्चियारकोविलला पितळी समया करणारे कारागीर. सगळीकडे उजेड एकाच खिडकीतून येतो, आणि काम करणाऱ्याचे हात स्थिर नसतात. मामांच्या तिसऱ्या ढिगारीत विणकराचा चेहरा स्पष्ट आणि धोटा टाकणारा हात म्हणजे धुकं, असे कितीतरी फोटो होते.

इथे थोडा हिशेब करू. लेन्सवर एफ आणि पुढे आकडा लिहिलेला असतो. लेन्सचं भोक तिच्या लांबीच्या (म्हणजे मिमीत सांगतात त्या नाभीय अंतराच्या) कितव्या हिश्शाएवढं उघडतं, ते हा आकडा सांगतो, म्हणून आकडा लहान तर भोक मोठं. कॅमेऱ्याबरोबर येणारी किट लेन्स ३५ मिमीच्या आसपास साधारण एफ ५.६ पर्यंत उघडते. त्याच लांबीची, झूम नसलेली साधी प्राइम लेन्स एफ १.८ पर्यंत उघडते. ५.६ ला १.८ ने भागलं की साधारण ३.१ येतात, त्यांचा वर्ग पावणेदहाच्या जवळ. म्हणजे प्राइम लेन्स त्याच खोलीत किटपेक्षा जवळजवळ दहापट उजेड आत घेते. किट लेन्सने शटर सेकंदाचा पंधरावा भाग उघडं ठेवावं लागत असेल तर प्राइमला सव्वाशेवा भाग सहज पुरतो. पंधराव्या भागात धोट्याचा हात चार बोटं सरकतो, सव्वाशेव्या भागात तो जागच्या जागी थांबलेला दिसतो.

हाच फरक कॅमेऱ्याची बॉडी बदलून मिळवायला गेलं तर? सेन्सरचा आकार एपीएस-सी या लहान मापावरून फुल-फ्रेमपर्यंत नेला तर क्षेत्रफळ सव्वादोनपट होतं. भोकाने मिळते ती दहापट, सेन्सरने सव्वादोनपट, आणि सेन्सर बदलायचा खर्च कितीतरी जास्त. भेट देणाऱ्यांची नेहमीची चूक इथेच होते. डोळे बॉडीवर असतात, कारण खोक्यावर तिचं नाव मोठं छापलेलं असतं. फोटो बहुतेक लेन्स काढते. पैसे कमी पडत असतील तर बॉडी एक पायरी खालची घ्या आणि उरलेल्या पैशांत एक चांगली प्राइम घ्या, असं मी कोणालाही सांगेन. कोणत्या लांबीची, तेही खोली पाहून ठरवावं. ५० मिमीची प्राइम स्वस्त आणि लोकप्रिय, पण एपीएस-सी सेन्सरवर ती ७५ मिमीसारखी वागते. मागाच्या खोलीत पाठ भिंतीला टेकली तरी विणकर आणि माग एका चौकटीत मावत नाहीत. ३५ मिमी किंवा त्याहून थोडी आखूड लेन्स तिथे बरोबर बसते.

त्या ३५ मिमीला आणखी एक काम निघालं. मामांचं एक जुनं स्वप्न आहे. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. जगातल्या फार लांबलचक शिलालेखांत त्याची गणना होते. मामांना तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, वाचता येईल असा, तुकड्यातुकड्याने टिपायचा आहे. घरात या कल्पनेची थट्टा होते. पण त्याच देवळात हे काम दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी एकाने केलं आहे, मराठी लेखाचं नव्हे, राजराज चोळाच्या लेखांचं. मद्रास सरकारचा छायाचित्रकार लिनिअस ट्राइप १८५८ साली तंजावरला आला. सामान बैलगाड्यांवर, मेण लावलेल्या कागदाच्या निगेटिव्ह, एकेका फोटोला कितीतरी मिनिटांचा उजेड. देवळाच्या जोत्यावरचे लेख त्याने बाजूबाजूने सरकत टिपले आणि २१ छापे जोडून १९ फुटांहून लांब एकच चित्र केलं. गोपुर देखणं दिसावं म्हणून त्याने निगेटिव्हवर हाताने ढगही रंगवले आहेत. पण या लेखांच्या पट्ट्यात त्याला देखणेपणा नको होता, अक्षर हवं होतं. यंत्र कशासाठी हवं, हे ज्याला इतकं स्वच्छ माहीत असतं त्याला दुकानात वेळ लागत नाही.

शिलालेखासाठी लेन्स अशी हवी की भिंत भिंतीसारखी सरळ राहील, कडा पोटासारख्या फुगणार नाहीत आणि कोपऱ्यातलं अक्षरही मधल्याइतकंच धारदार येईल. यात साध्या प्राइम लेन्स झूमपेक्षा सहसा सरस असतात, विशेषतः भोक एफ ५.६ किंवा ८ पर्यंत बारीक केलं तर. मोठी भोकं अंधारासाठी, बारीक भोकं अक्षरासाठी. एकाच लेन्समधून दोन्ही कामं. तिपाईचा विचार मात्र लगेच सोडून द्यावा. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंत हातात धरून फोटो काढता येतात, तिपाई उभी करायला वेगळी परवानगी लागते. तिपाई भेट म्हणून छान दिसते आणि माळ्यावर जाते.

दुसरी ढिगारी, दारासुरम्‌ची, मला सर्वांत जास्त शिकवून गेली. ऐरावतेश्वराचं देऊळ बाराव्या शतकातलं, दुसऱ्या राजराजाने बांधलेलं, २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत. तंजावरचं देऊळ आकाराने दरडावतं, दारासुरम् जवळ बोलावतं. जोत्यावरून त्रेसष्ट नायन्मारांच्या कथा वीत-दोन वीत उंचीच्या चौकटींतून कोरलेल्या आहेत. एके ठिकाणी हत्ती आणि बैल यांचं डोकं एकच: एक बाजू हाताने झाका, हत्ती गायब, दुसरी झाका, बैल गायब. मामांनी त्याचे निदान तीस फोटो काढले होते आणि एकातही तो दगडातून वर आलेला वाटत नव्हता. दोष मामांचा नव्हता. फोन स्वतःच्या हुशारीने दोन-चार फोटो एकत्र करतो आणि सावल्या उजळून टाकतो. माणसाच्या चेहऱ्याला ते चालतं. उठावाच्या कोरीवकामात मात्र सावली हाच उठाव असतो; ती काढून घेतली की शिल्पाचं पोस्टर होतं. कॅमेऱ्यात सावली सावलीच राहू देता येते. सकाळी सूर्य तिरपा असताना, भिंतीला घासून जाणाऱ्या उजेडात काढला की झालं.

या कोरीवकामासाठी मॅक्रो लेन्स हवी, असा आणखी एक ठराव घरच्या गटावर आला होता. तोही हिशेबाने पडला. वीतभर, म्हणजे साधारण २० सेंटिमीटर रुंदीची चौकट एपीएस-सीच्या साडेतेवीस मिलिमीटर रुंद सेन्सरवर भरून घ्यायला जवळजवळ आठव्या हिश्शाचं प्रमाण पुरतं. आजच्या बहुतेक किट लेन्स पाचव्या हिश्शापर्यंत तरी जवळ जातात. खरी मॅक्रो म्हणजे एकास एक, सेन्सरएवढी मुंगी सेन्सरएवढीच दिसणार. ती मुंग्या, फुलांचे परागकण, घड्याळाची चाकं यांच्या नादिष्टांना द्यावी. शिल्पांना नको.

आता पक्षी. पट्टीश्वरम्‌च्या रस्त्याला दोन्ही बाजूंना भातखाचरं, पाण्याचे पाट, त्यावर बगळे, शराटी आणि तारेवर खंड्या. खंड्या सुमारे २८ सेंटिमीटर लांब. तो पंधरा मीटरवर बसलेला असला तर फोनच्या मुख्य कॅमेऱ्यात चित्राच्या रुंदीचा ऐंशीवा हिस्सा व्यापतो. फोन त्याला ओढून मोठा करतो, मग पिसांच्या जागी रंगाचे फराटे येतात. तोच खंड्या एपीएस-सी सेन्सरवर २५० मिमीच्या लेन्समधून रुंदीचा पाचवा हिस्सा भरतो. हा झाला फोटो. याला फुल-फ्रेमची गरज नाही. उलट लहान सेन्सर इथे मदत करतो, कारण तो चित्राचा मधलाच भाग घेतो आणि २५० मिमीची लेन्स पावणेचारशेसारखी वाटते. अनेक कंपन्या बॉडीबरोबर दोन झूम जोडीने देतात, एक आखूड आणि एक २०० ते २५० मिमीपर्यंतचा. वेगवेगळे घेण्यापेक्षा जोडी बरीच स्वस्त पडते. भाच्याच्या चंद्रावरच्या खड्ड्यांचीही यात सोय झाली.

फुल-फ्रेमबद्दल थोडं आडवाटेला जाऊन सांगतो, कारण या शब्दाचा उगाच धाक वाटतो. २४ गुणिले ३६ मिलिमीटर, हा आकार आकाशातून पडलेला नाही. सिनेमाची फिल्म ३५ मिमी रुंद होती आणि तिच्यावरची चौकट १८ गुणिले २४. जर्मनीत ऑस्कर बार्नाकने तीच फिल्म आडवी धावायला लावून चौकट दुप्पट केली, आणि तो लायका कॅमेरा १९२५ साली बाजारात आला. म्हणजे आज ज्याला ‘फुल’ म्हणतात तो त्या काळी खिशात मावणारा, लहान म्हणून हिणवलेला आकार होता. ज्या ३५ मिमी फिल्मवर दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढला तिचाच हा पुतण्या.

मराठी माणसाच्या कॅमेराखरेदीच्या गोष्टींत दोन मला फार आवडतात. सावेदादा म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांचा मुंबईत फोटोचा स्टुडिओ होता. १८९६ मध्ये ल्युमिएर बंधूंच्या चित्रफिती पाहिल्यावर त्यांनी लंडनहून २१ गिनींचा चलत्‌चित्रांचा कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली. फाळके १९१२ मध्ये विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. आल्या आल्या पौराणिक चित्रपटाला हात घातला नाही. कुंडीत वाटाणा पेरला, त्याचं रोप वाढताना थोडं थोडं टिपलं आणि ती छोटी चित्रफीत दाखवून भांडवल मिळवलं. परवडतं त्या यंत्राला त्याच्या मगदुराचं काम दिलं. हौशी माणसाने फुल-फ्रेम घेऊ नये असं मी म्हणत नाही. पण त्याच्या मोठ्या झूम लेन्स सातशे ते नऊशे ग्रॅमच्या असतात, बॉडी वेगळी. सायकलवर जाणाऱ्या साठीच्या माणसाच्या मानेला ते रोज जाणवेल. एपीएस-सीची मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेली, बॉडी चारशे ग्रॅमच्या आसपास भरते. आणि मेगापिक्सेलचं म्हणाल तर ए-फोर कागदावर उत्तम छपाईला पावणेनऊ मेगापिक्सेल लागतात, त्याच्या दुप्पट कागदाला साडेसतरा. आज नवा जवळजवळ प्रत्येक कॅमेरा वीसच्या वर आहे. तो आकडा पाहणं सोडून द्यावं.

कंपनी कोणती? इथे माझं मत एकांगी आहे. घेणाऱ्याच्या जवळच्या मित्राकडे जी असेल ती. बहुतेक कंपन्यांची लेन्स बसवायची खाच, म्हणजे माउंट, वेगवेगळी असते. एकीची लेन्स सहसा दुसरीवर बसत नाही. कॅनन आणि निकॉन या दोघींनीही २०१८ मध्ये मिररलेससाठी नवी खाच आणली, त्यामुळे त्यांच्या जुन्या लेन्स लावायलाही मध्ये जोडणी लागते. आरशाचे जुने डीएसएलआर सेकंडहँड स्वस्त मिळतात आणि फोटोही चांगले देतात, पण बहुतेक कंपन्या नव्या लेन्स आता मिररलेससाठीच काढतात. मामांचे एक शाळूसोबती गावातच राहतात आणि त्यांना पक्ष्यांचा नाद आहे. त्यांच्याकडे जे माउंट, तेच आम्ही घेतलं. आता दोघांना लेन्स उसन्या देता-घेता येतात, आणि मेनूत हरवल्यावर विचारायला माणूस आहे. परीक्षणातला अर्धा गुण या सोबतीपुढे काहीच नाही.

सेकंडहँड लेन्स घेऊन पैसे वाचवावेत का? बॉडीपेक्षा लेन्समध्ये ते जास्त शहाणपणाचं आहे, कारण काच म्हातारी होत नाही. पण तिला बुरशी लागते. मी काही वर्षांपूर्वी एका दुकानातून जुनी झूम लेन्स घेतली होती. वरून चकचकीत, पेटीही मूळची. घरी येऊन सहज टॉर्च मारला तर आतल्या काचेवर कोळ्याने जाळं विणावं तशी बारीक, पांढरी तंतूंची नक्षी. दुकानदार परत घेईना. तेव्हापासून मी खिशात छोटा टॉर्च नेतो. लेन्सचं भोक पूर्ण उघडायचं, टॉर्च मागच्या टोकाला धरायचा आणि पुढून तिरपं पाहायचं. धुळीचे दोन-चार कण असले तर हरकत नाही. तंतू दिसले की लेन्स खाली ठेवून चहाला जायचं.

कावेरीच्या खोऱ्यात ऑक्टोबर ते डिसेंबर परतीचा पाऊस, कोकणात जून ते सप्टेंबर. दोन्हीकडे बुरशीची चंगळ. कॅमेरा कातडी बॅगेत घालून कपाटात ठेवणं म्हणजे तिला आमंत्रण देणं. भेटीत शंभर गोष्टी कोंबण्यापेक्षा घट्ट झाकणाचा मोठा डबा, सिलिका जेलच्या पुड्या आणि आत ठेवायचा छोटा आर्द्रतामापक द्या. काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांत राहिला की झालं. पुड्यांऐवजी तांदूळ ठेवा असं सांगणारे भेटतील; त्यांच्या तांदळाची पूड लेन्सच्या झूममध्ये गेलेली मी पाहिली आहे.

बाकीचं थोडक्यात. कार्ड एका मोठ्यापेक्षा दोन मध्यम. एक जादा बॅटरी, कंपनीचीच. लेन्सच्या तोंडावर फिल्टरऐवजी हूड. मेहुण्याने अमेरिकेतून आणायची तयारी दाखवली होती, पण तिथल्या बिलाची वॉरंटी इथे चालेलच असं नाही, म्हणून नको म्हटलं.

आणि आश्चर्याचा धक्का अजिबात नको. पुस्तक, शाल, अंगठी यांत तो शोभतो. कॅमेरा हातात धरून पाहावा लागतो. मामांना आम्ही आधीच सांगितलं आणि त्रिचीच्या दुकानात घेऊन गेलो. त्यांनी पहिल्यांदा पकड पाहिली, मग डोळा लावून म्हणाले, सगळं धूसर आहे. डोळा लावायच्या खिडकीशेजारी एक इवलीशी चकती असते, चष्म्याच्या नंबराप्रमाणे ती फिरवली की अक्षरं लख्ख होतात. विक्रेत्यानेही ती त्यांना दाखवली नव्हती, मी फिरवली. मागचा पडदा बाहेर वळणारा हवा, ही त्यांची एकच अट. जोत्यावरच्या चौकटी काढायला आता गुडघे वाकत नाहीत, असं ते म्हणाले. आमच्यापैकी कोणाच्याही यादीत हे नव्हतं.

शेवटी काय घेतलं? एपीएस-सीची मधल्या किमतीची बॉडी, दोन झूमची जोडी, ३५ मिमी एफ १.८ च्या जातीची एक प्राइम, डबा, पुड्या, मापक. वर्गणीतला जवळजवळ चौथा हिस्सा उरला. तो पाकिटात घालून त्यावर ‘दुसऱ्या वर्षीची लेन्स’ असं लिहिलं आहे. कोणती ते मामा वर्षभराच्या फोटोंवरून ठरवतील.

तुम्ही अशी भेट देणार असाल तर एवढं करा: बिल घेणाऱ्याच्या नावाने करा, खोकं आदल्या रात्री उघडून बॅटरी पूर्ण चार्ज करा, कार्ड आत घाला, तारीख-वेळ लावा, मग पुन्हा कागद गुंडाळा. समारंभाच्या दिवशी पहिला फोटो त्यालाच काढायचा असतो.